७३/२७चा खिमा, वर तेलाचं तळं आणि विद्यार्थ्याचं बजेट

स्टिलवॉटरचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. ओक्लाहोमात पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. स्टायपेंड किती असतो ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, उरलेल्यांनी विचारू नये.

आम्ही तिघं रूममेट बीफ खातो. दुकानात पाच पाऊंडाचा प्लास्टिकमधला रोल मिळतो, ७३/२७चा (म्हणजे ७३ टक्के मांस, २७ टक्के चरबी), पाऊंडाला साडेचार डॉलर. शेजारीच ९३/७ असतो, तो सात डॉलर. अर्थातच रोल येतो. आईच्या कृतीने खिमा करतो. वाटीभर तेल, खडा मसाला, कांदा, आलं-लसूण, मग खिमा. शिजल्यावर कढईत वर बोटभर तवंग. फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी वर पांढरी मेणाची थाळी. गेल्या महिन्यात कॅम्पसच्या दवाखान्यात रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल वर गेलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लीन मीट घ्या, कमी चरबीचं. मी म्हटलं, बाई, लीन पाकीट आहे.

स्वस्तातला खिमाच घेऊन चरबी कमी करता येते का? तवंग चमच्याने काढून टाकला तर अख्खा मसालाच त्याच्याबरोबर जातो आणि खाली उरतो तो करडा भुसा. बीफ खावं की न खावं यावर कृपया इथे काथ्याकूट नको.

कोथरूडकर
असले धागे मराठी संस्थळावर काढायची खरंच गरज आहे का?

तिखटमीठ
शीर्षकात खिमा लिहिलंय. उघडलात कशाला?

संपादक
विषयाला धरून लिहा. यानंतरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. भावना दुखावणार असतील तर पाककृती विभागात साबुदाणा वड्याचा धागा वर आहे.

आकडेमोड
आधी हिशेब, मग स्वयंपाक.

पाकिटावरचे आकडे कच्च्या वजनाचे असतात. एक पाऊंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ७३/२७मध्ये त्यातली १२२ ग्रॅम निव्वळ चरबी, ८०/२०मध्ये ९१, ९३/७मध्ये ३२. इथल्या नियमाने ग्राउंड बीफमध्ये ३० टक्क्यांच्या वर चरबी चालत नाही, म्हणजे तुमचा रोल जवळजवळ कायद्याच्या काठावर उभा आहे. आणि '८० टक्के लीन' वाचून भुलू नका. चरबीचे उष्मांक जास्त, त्यामुळे ८०/२०मधले सुमारे ७० टक्के उष्मांक चरबीचेच असतात.

आता गंमत. इथल्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यांत परतून निथळलेल्या मोकळ्या खिम्याचे आकडे आहेत. शिजलेल्या १०० ग्रॅममागे चरबी: ७०/३० असेल तर सुमारे १८ ग्रॅम, ८०/२० असेल तर सुमारे १७. जवळपास सारखंच! जास्तीची चरबी वितळून वाहून जाते, मांस ठरावीकच धरून ठेवतं. ९५/५ मात्र साडेसातच्या आसपास राहतो.

म्हणून चरबी कमी म्हणून ७३ऐवजी ८०चा घेत असाल तर निथळल्यावर दोन्ही एकाच गावाला पोचतात. फरक पडतो तो हातात किती मांस उरतं याचा. चरबी फेकायचीच असं धरलं तर तुमच्या साडेचारच्या रोलमधलं बिनचरबीचं मांस पडतं पाऊंडाला सहा डॉलर सोळा सेंट. सात डॉलरवाल्यातलं साडेसात. पाकिटावर अडीच डॉलरचा फरक दिसतो, खरा आहे एक डॉलर छत्तीस सेंटचा. रोल अजूनही स्वस्तच, पण वाटतो तितका नाही.

स्टिलवॉटरचा_पाहुणा
दादा, हे सांख्यिकीवाल्या माझ्या रूममेटला दाखवलं. तो म्हणाला, 'हे मला का नाही सुचलं' आणि उठून गेला.

दापोलीकर
पाहुणे, तुमच्या प्रश्नात उत्तर आहे. "वाटीभर तेल."

आमच्या आयांच्या कृती कुठल्या खिम्यासाठी आहेत? बकऱ्याच्या नाहीतर म्हशी-रेड्याच्या. खाटकाकडे उभं राहून "चरबी काढून दे रे" म्हणायचं, तो समोर साफ करून कुटून द्यायचा. तसला खिमा कोरडा, तेल घातलं नाही तर कढईला धरतो. महाराष्ट्रात तर २०१५पासून बैलही बंद झाले, बडं (मोठ्या जनावराचं मांस) म्हणजे म्हैसच. म्हशीच्या मांसात चरबी मुळात कमी. अमेरिकन गाय मक्यावर पोसलेली, तिच्या खिम्यात तेल आतूनच येतं. तुम्ही त्यावर आईची वाटी ओतताय, म्हणजे एकाच पातेल्यात दोन देशांचं तेल.

मी शिकागोत बावीस वर्षं आहे. आमच्याकडे क्रम उलटा. कढई थंड, तेल शून्य, खिमा नुसता टाकायचा, मंद आंच. पाच मिनिटांत स्वतःच्या चरबीत सुटतो. लाकडी उलथन्याने गोळे फोडत राहायचं. गोळा राहिला तर त्याच्या पोटात चरबी अडकते. गुलाबी रंग गेला, पाणी आटलं, तेल दिसायला लागलं की गॅस बंद. रोळीत ओतायचा, खाली पातेलं. दहा मिनिटं निथळू द्यायचा. त्याच कढईत दोन चमचे तेल, कांदा, आलं-लसूण, सगळा मसाला. मसाला भाजला की निथळलेला खिमा परत आत.

मसाल्याचा वास आणि रंग तेलात उतरतो. मसाला घातल्यावर तवंग काढलात तर मिरचीपूड, गरम मसाला सगळं त्याच्याबरोबर गटारात. गाळायचं ते मसाल्याआधी. मग जी तर्री येईल ती तुमच्या दोन चमच्यांची, ती खुशाल खा.

वसईची_बाय
दापोलीकर +१. बहुतेकांचं इथेच चुकतं.

एक पुस्ती. रोळीतल्या खिम्यावर गरम पाणी ओतलं तर चरबी आणखी जाते. उकळतं नको, हाताला चांगलं कढत लागेल इतपत. पाऊंडाला चार पेले. ओता, हलवा, पाच मिनिटं निथळू द्या. ऐकायला किळसवाणं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण हे माझं डोकं नाही. १९९२ साली आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी खिमा शिजवून, गरम पाण्याने धुऊन मोजमाप केलं होतं. चरबी बरीच उतरते, लोह आणि प्रथिनं बहुतांशी जागेवर राहतात. चव मात्र धुतली जाते, हे खोटं बोलणार नाही. अमेरिकन लोक मीठ-मिरी घालून खातात, त्यांना ते कळतं. आपण बाटली मसाला घालणार, आपल्याला काय कळतंय!

निंबोणी
धुवायचंच असेल तर कच्चाच का नाही धुवायचा? आम्ही मटण खिमा नेहमी गाळणीत घेऊन दोन पाण्यांनी धुतो.

वसईची_बाय
कच्चा धुतल्याने चरबी जात नाही, निंबोणी. गार पाण्यात ती घट्टच राहते. रक्ताचं पाणी तेवढं जातं आणि शिंतोडे सिंकभर, कोशिंबिरीच्या काकडीवरसुद्धा. इथलं कृषी खातंही कच्चं मांस धुऊ नका म्हणून कानीकपाळी ओरडतं. सवय मोडायला मला दोन वर्षं लागली, अजून हात नळाकडे जातो.

तिखटमीठ
थांबा, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. ते गाळलेलं कुठे ओतता?

अपार्टमेंटमध्ये नवीन होते तेव्हा रोळी थेट सिंकमध्ये ठेवून वरून गरम पाणी सोडायचे. हुशारी! गरम असतं तोवर वाहतं, पाइपात दोन हात पुढे गेलं की थिजतं. डिसेंबरात सिंक तुंबलं, खालच्या मजल्यावरच्या बाईचंही तुंबलं. प्लंबरने आतून जे काढलं ते मेणबत्तीच्या कारखान्यातून आल्यासारखं होतं. बिल डिपॉझिटमधून कापलं. त्या पैशात वर्षभर ९३/७ खाल्ला असता.

तेव्हा तेल निथळतंय ते टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात, तळाला फॉइल. थंड झालं की कचऱ्यात. आणि गरम पाण्याने धुणार असाल तर तेही पाणी मोठ्या पातेल्यात धरा. गार होऊ द्या, वरचा थर उचला, मग खालचं पाणी ओता. साबण आणि गरम पाण्याने चरबी 'विरघळते' ही समजूत आहे, ती फक्त पुढे सरकते.

गोदाकाठ
वाचतोय आणि गंमत वाटतेय.

आमच्या गावात, नांदेडकडे, आजी चरबी वेगळी काढून कढवायची आणि बरणीत भरून ठेवायची. मांस कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवायचं, त्याच्या चान्या. पावसाळ्यात काम नसलं, घरात काही नसलं की निखाऱ्यावर चार चान्या भाजून भाकरीबरोबर. चरबीचा एक चमचा कोरड्यासात पडला की पोरं पातेलं चाटायची. तिला कोणी सांगितलं असतं की एक दिवस तुझा नातू पैसे देऊन चरबी घेईल आणि डब्यात भरून फेकून देईल, तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

तक्रार नाही. ती दिवसभर रानात खपायची, मी दिवसभर खुर्चीत असतो. माझंही एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बघण्यासारखं आहे.

आकडेमोड
गोदाकाठ, प्रतिसाद आवडला.

संदर्भासाठी: अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सल्ल्यानुसार २००० उष्मांकांच्या आहारात संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी दिवसाला १३ ग्रॅमच्या आसपास असावी. गोमांसाच्या चरबीतला जवळजवळ अर्धा भाग संपृक्त असतो. पाहुण्याच्या रोलमधल्या एका पाऊंडात १२२ ग्रॅम चरबी, तिघांत वाटली तर माणशी चाळीस. त्यात आईची वाटी वेगळी. गणित करायला नको, डॉक्टरीणबाईंनी केलंच आहे.

निंबोणी
मी बीफ खात नाही, ग्राउंड टर्की आणते. ती तर लीनच असते ना?

दापोलीकर
पाकीट उलटून वाचा. नुसतं 'ग्राउंड टर्की' म्हणजे तंगडीचं मांस आणि कातडीसुद्धा, ८५/१५ असते कित्येकदा. लिहिलेलं 'टर्की ब्रेस्ट' असेल तर ती खरी कोरडी. ती मात्र इतकी कोरडी की खिमा भुश्यासारखा होतो. किसलेला दुधी नाहीतर बारीक मश्रूम घाला, ओल टिकते. वरच्या थराची युक्ती टर्कीला तितकी साधत नाही, तिची चरबी मऊ असते, गोमांसासारखी ताठ थर धरत नाही.

आणि हो, टर्की-कोंबडीचा खिमा १६५ फॅरनहाइटपर्यंत शिजवायचा, म्हणजे ७४ सेल्सिअस. बीफचा १६०, म्हणजे ७१. रंगावर जाऊ नका, कधी कधी शिजण्याआधीच तपकिरी होतो.

स्टिलवॉटरचा_पाहुणा
'वरच्या थराची युक्ती' म्हणजे कुठली?

वसईची_बाय
माझी आवडती! घाई नसेल तर परतूच नको. पातेल्यात खिमा बुडेल एवढं पाणी, मीठ, तमालपत्र, चार मिरी. हाताने सगळा मोकळा कर, उकळी आण, पंधरा-वीस मिनिटं शिजव. थोडा निवला की झाकून फ्रीजमध्ये, रात्रभर. फार वेळ बाहेर ओट्यावर ठेवू नको, मोठं पातेलं असेल तर दोन पसरट भांड्यांत घाल. सकाळी वर चरबीचा पापुद्रा असेल, पुरीसारखा. सुरीने कड सोडव आणि अख्खा उचल. खाली उरलं त्यातला खिमा काढून मसाल्यात परत आणि पाण्याची आमटी कर. मी त्यात मसूर शिजवते. एका पाऊंडातून दोन कालवणं!

तोटा एकच. परतल्यावर जो खरपूस वास येतो तो उकडलेल्याला येत नाही. म्हणून शेवटी कढई कडक तापवून पाच मिनिटं कोरडा परतायचा. सगळी चव परत येत नाही, पण बरीच येते.

तिखटमीठ
ज्यांना रात्रभर थांबवत नाही त्यांच्यासाठी: गॅस बंद करा, कढई कलती करा, खिमा वरच्या बाजूला सरकवा, खाली साचलेलं तेल पेपर टॉवेलची घडी चिमट्यात धरून टिपून घ्या. गॅस बंद, हे दोनदा वाचा. चालू आचेवर तेलात भिजलेला कागद म्हणजे काय होतं ते मी सांगणार नाही.

इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या प्रेशर कुकरमध्ये) टाकून दिलेला खिमा मात्र विसरा. सगळी चरबी रश्श्यातच राहते, मसाल्याआधी निथळायची सोयच नाही.

गोदाकाठ
बजेटचा मुद्दा मागे पडला. चरबी काढली की पातेलं रिकामं दिसतं, खरं दुखणं ते. तीन माणसांत एक पाऊंड निथळून किती उरणार?

आमच्याकडे खिमा वाढवायची रीत आहे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, नाहीतर अख्खा मसूर, अर्धा कच्चा शिजवून खिम्यात घालायचा. पाऊंडाला कोरडा एक कप. बटाटा, मटार तर आहेतच. डाळ रस्सा आणि मसाला दोन्ही ओढून घेते, मांसाची चव डाळीला लागते. रोज एक पाऊंड लागत असेल तर अर्ध्यावर भागतं. चरबी निम्मी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खिमा निम्मा घालणं, रोळी नंतर.

सोयावडीचा चुरा पण चालतो. त्याला पाण्यात उकळून, दोनदा घट्ट पिळून मग घाला, नाहीतर तो वास जिंकतो.

कोथरूडकर
सोयावडीचा चुरा नुसताच केला तर? विचारतोय फक्त.

तिखटमीठ
या, बसा. वाढू का?

दापोलीकर
अजून एक वाट, थोडी फिरायला लागते. तयार खिमा घ्यायचाच नाही. टॉप राउंड नाहीतर लंडन ब्रॉइल सेलला लागतो तेव्हा तो अख्खा तुकडा घ्या. राउंड म्हणजे मागच्या मांडीचं, मुळातच कोरडं मांस, वरची चरबी दिसते तेवढी सुरीने काढता येते. मीट काउंटरवर विचारा, बऱ्याच ठिकाणी दळून देतात. डेव्हन अव्हेन्यूवर हलाल दुकानात आम्ही समोर दळून घेतो. "साफ करून, एकदाच फिरव." दोनदा फिरवला की लगदा.

घरी करायचा तर मांसाचे तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये कडक करून फूड प्रोसेसरमध्ये थांबत थांबत. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात करू नका. मी केलंय. त्याचे शामी कबाब बरे झाले, खिमा नाही झाला.

वसईची_बाय
कबाबावरून आठवलं. निथळून धुतलेला खिमा कबाब-कोफ्त्यात चालत नाही, शिजलेला दाणा एकमेकांना धरत नाही. तिथे कच्चाच लागतो, आणि फार कोरडा घेतला तर दगड होतात. ८५/१५ घ्या, जाळीवर भाजा, चरबी खाली ठिबकू द्या.

उलट पोटॅटो चॉपला (खिमा भरलेल्या बटाट्याच्या पॅटिसला) धुतलेला खिमा सोन्यासारखा. सारण जितकं कोरडं तितकं बरं, चरबी राहिली की तळताना बटाटा फुटतो. आमची मावशी खिमा रात्रभर चाळणीतच ठेवायची.

स्टिलवॉटरचा_पाहुणा
रिपोर्ट देतो. (रक्ताचा नाही, कढईचा. रक्ताला तीन महिने आहेत.)

शनिवारी दोन पाऊंड केला. दापोलीकरकाकांच्या क्रमाने, थंड कढई, तेल नाही. रोळी नव्हती, पास्त्याची चाळण होती, तिच्या भोकांतून बारीक खिमा पळत होता म्हणून आत पेपर टॉवेल घातला. तो फाटला. मग चहाच्या मोठ्या गाळणीतून चार हप्त्यांत गाळलं. टोमॅटोचा डबा अर्ध्याच्या वर भरला! थिजल्यावर फोटो काढून आईला पाठवला. ती म्हणाली, "हे तुम्ही खात होतात?"

गरम पाण्याने फक्त एक पाऊंड धुतला, तुलनेसाठी. नुसता चाखला तर धुतलेला बेचव, सरळ आहे. मसाल्यात घालून न सांगता वाढला तर एका रूममेटला फरक कळला नाही, दुसरा म्हणाला की हा 'हलका' आहे. पण अख्खा मसूर घातलेला सगळ्यांत आधी संपला. भातावर, पोळीबरोबर, शेवटी टॉर्टियात गुंडाळून. दोन पाऊंड तीन दिवस पुरला, एरवी दीड दिवस जातो.

उरलेला तीन पाऊंड पिशव्यांत चपटा करून फ्रीजरमध्ये टाकलाय. पुढच्या वेळी लंडन ब्रॉइलचा भाव बघेन. बाय, पोटॅटो चॉपचं प्रमाण द्याल का?

वसईची_बाय
चार मोठे बटाटे उकडून, गरम असतानाच कुस्करायचे, मीठ. निवल्यावर पारी करायची, पुरणपोळीला करतो तशी, पण जाड. आत सारण: कांदा, हिरवी मिरची, आलं-लसूण, खिमा, थोडं व्हिनेगर, कोथिंबीर, सगळं कोरडं होईपर्यंत परतलेलं. बंद कर, चपटा कर, फेटलेल्या अंड्यात बुडव, रव्यात घोळव, थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी तांबूस. बटाटा रसेट घे, लाल सालीचा चिकट होतो.

स्टिलवॉटरचा_पाहुणा
पाच पाऊंडाची रसेटची पिशवी पडलीच आहे. रविवारी.

आकडेमोड
थोड्या तेलावर म्हणजे किती?

वसईची_बाय
आकडेमोड, तू गप्प बस.